रीटाच्या पसंतीचा स्क्रीन

टोइवोला, मिशिगन
११ जानेवारी

प्रिय रीटा,

तू आणि तुझी मंडळी खुशाल असाल. आम्ही दोघी ठीक आहोत. बर्फ स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्याला येऊन टेकलंय. माझी शाळेची बस सकाळी कुरकुरते, पण चालू होते. काल आईनं नीसूचा गोड पाव भाजला, वेलदोडा नेहमीसारखा सढळ हातानं. खालून जरा लागला, पण कॉफीत बुडवला की कळत नाही.

कागदावर पत्र कशाला, असं तुला वाटेल. सहजच. हात लिहायचा विसरायला नको.

तर लॅपटॉपची बातमी. जुन्याची बिजागरी तुटली आणि झाकण उभं राहीना, म्हणून आईला तो साखरेच्या डब्याला टेकवून तुझ्याशी बोलावं लागत होतं, हे तू पाहिलंसच. मागच्या रविवारी तू तिला कुठला घ्यायचा ते सांगितलंस आणि तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. रीटा म्हणते चौदा इंची घ्यावा, हलका असतो. रीटा म्हणते फोर-के घ्यावा, चित्र कोरीव दिसतं. रीटा म्हणते काच चकचकीत हवी, रंग खुलतात. अगं, बाई त्र्याऐंशी वर्षांची आहे, हलका लॅपटॉप घेऊन ती जाणार कुठे? स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला!

शनिवारी तिला हाउटनला घेऊन गेले. दुकानात गॉर्डी नावाचा माणूस होता, शांत, आपल्यासारखाच कमी बोलणारा. त्यानं दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले. म्हणाला, "मिसेस नीएमी, फोर-के म्हणजे ठिपके पुष्कळ, चित्र झकास. पण एवढ्याशा जागेत एवढे ठिपके कोंबले की अक्षरं मुंगीएवढी होतात. मग ती मोठी करून घ्यायची. मोठी केली की स्क्रीनवर मावत नाही काही. त्यापेक्षा हा सोळा इंची बघा. ठिपके कमी आहेत, पण तुम्हाला पुरून उरतील. उजेड भरपूर. आणि काच मॅट आहे, चमकत नाही. डोळ्यांना सुख."

मीही तेच म्हटलं. खरं तर गॉर्डीच्या आधी घरीच म्हटलं होतं, आठवडाभर.

आईनं विचारलं, "रीटाचा कसला आहे?"

"चकचकीत," मी म्हटलं.

"मग तोच दे बाबा."

पिकतं तिथे विकत नाही, रीटे. मी शेजारी उभी राहून घसा फोडला तर ती माशी गुणगुणल्यासारखी हात झटकते. तू दोन हजार मैलांवरून, अ‍ॅरिझोनात पोहण्याच्या तलावाकाठी पाय सोडून काहीतरी बोललीस, की ती काळ्या दगडावरची रेघ. तिला दुकानात नेणारी मी, तिच्या बुटांना बर्फावर चालायचे खिळे लावणारी मी, परत येताना तिला खिमा-बटाट्याची पेस्टी हवी म्हणून वाट वाकडी करणारी मी. आणि पेस्टी खाताना ती म्हणते काय, तर "रीटाला कळतं हो यातलं."

एक गंमत सांगते. गॉर्डीनं दोन्ही स्क्रीनवर एक एक पान उघडलं आणि म्हणाला, "वाचून बघा, कुठला बरा वाटतो." आईनं दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन्ही छान आहेत." त्यातला एक नवा कोराच होता, त्यावर सगळं स्पॅनिशमध्ये आलेलं. गॉर्डी माझ्याकडे बघत राहिला. आईचा चष्मा गाडीत राहिला असेल.

लॅपटॉप मागवलाय. तुझ्याच पसंतीचा. आनंद झाला असेल.

तुझी
एल्मा


टोइवोला
८ फेब्रुवारी

प्रिय रीटा,

पत्र पावलं का, हे विचारण्यात अर्थ नाही. तुझा मेसेज आला म्हणजे पावलं. "एल्मा, तू फोन का नाही करत, अठराव्या शतकात राहतेस का?" असं विचारलंस. इथे बर्फात शतकं जरा उशिरा पोचतात. पुन्हा कागदच पाठवतेय, चालवून घे.

तुझा लाडका लॅपटॉप आला. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? बंद असताना तर फारच सुंदर. उघडून आईच्या नेहमीच्या जागी ठेवला, टेबलाच्या डाव्या टोकाला, खिडकीसमोर. चालू केला आणि त्यात दिसलं काय? खिडकी. खिडकीतलं बर्फ, बर्फावरचं ऊन, शेजारच्या हाइकिनेनांचं गोदाम आणि मधोमध आई, पांढऱ्या स्वेटरमध्ये, स्वतःकडेच बघत बसलेली. हा तुझा खुलणारा रंग. घरात एवढा महागडा आरसा कधी आला नव्हता.

तू काय म्हणालीस? "पडदा ओढून घ्या ना."

आता हे फक्त अ‍ॅरिझोनातलं माणूस बोलू शकतं! तुमच्याकडे ऊन म्हणजे शत्रू, दुपारी दारं खिडक्या लावून बसता. तू इथेच वाढलीस ना गं? नोव्हेंबरपासून इथे उजेडाची उपासमार असते. दुपारी दोन घटका ऊन आलं तर आई खुर्ची त्याच्या मागे मागे सरकवत नेते. बर्फाच्या दिवसांत टोइवोलात कुणी पडदा ओढला, की शेजारी घरात कोण आजारी आहे ते विचारायला येतात. पण नाही. रीटा म्हणाली ना. आई खरंच उठली पडदा ओढायला. अंधारात तिनं कॉफी कपाऐवजी बशीत ओतली आणि मी पडदा सर्रकन उघडला.

मग तिनं स्वतःच शोध लावला. काळे कपडे घातले की काचेत दिसत नाहीत. म्हणून त्या रविवारी तिनं कपाटातून तो काळा कोट काढला, बाबांच्या अंत्यविधीचा, आणि चुलीशेजारी बसून गळ्यापर्यंत बटणं लावली. तू विचारलंस, "आई, कोण गेलं?" ती म्हणाली, "कुणी नाही गं, थंडी आहे." कपाळावरून घाम ओघळत होता तिच्या. मी मागे भांडी घासत होते आणि हसू आवरत नव्हतं. हसू संपल्यावर मात्र संताप आला. एवढा घाम तिनं माझ्यासाठी कधी गाळला नाही.

अक्षरंही मोठी केली. आधी दीडपट, मग दुप्पट, मग अडीचपट. शेवटी एका वेळी स्क्रीनवर चार शब्द. गॉर्डी बोलला होता तसंच.

म्हणून मी तो परत नेला आणि सोळा इंची, मॅट काचेचा आणला. तुला ठाऊक नाही. तू गेल्या रविवारी त्याच्यावरच दिसलीस, आणि "बघ, माझ्यामुळे किती छान दिसतंय" म्हणालीस, तेव्हा आईनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. दुकानातून निघतानाच तिनं मला बजावलं होतं, "रीटाला सांगू नकोस हं. वाईट वाटेल तिला." परक्या माणसासमोर माझी निवड तिनं झुरळासारखी झटकली, तेव्हा कुणाला वाईट वाटेल हे सुचलं नव्हतं. असो. मी सांगून टाकलं. वाटू दे वाईट.

आणि हो, नवा लॅपटॉप लावते कोण? दर रविवारी तुझ्या वेळेआधी मी तो पुसते, चष्म्याच्या मऊ कापडानं. झाकण किती मागे झुकवायचं ते ठरलेलं आहे, जरा चुकलं की तुझा चेहरा राखाडी होतो. उजेड पूर्ण वर नेते. संध्याकाळी आपोआप येणारा तो पिवळा रंग बंद करते, डोळ्यांना बरा म्हणतात, पण त्यात तू कावीळ झाल्यासारखी दिसतेस आणि आई आठवडाभर काळजी करते. थोडक्यात, तुझं रूप मी घासूनपुसून आईसमोर मांडते. चर्चमध्ये वेदीवरच्या समया पुसणाऱ्या मिसेस लाह्तींना पगार तरी मिळतो.

तू विचारलंस ते राहिलंच. "आई माझ्याकडे बघतच नाही. मी बोलत असते आणि ती फ्रिजकडे बघत असते. कंटाळते का ती माझ्याशी बोलायला? का तू काही भरवलंस तिच्या मनात?"

मी काही भरवलेलं नाही. फ्रिजकडे बघते हे खरं. म्हातारी माणसं बघतात कुठेतरी. तू जुलैत येतेच आहेस, तेव्हा समोरासमोर काय ते विचार.

एल्मा


टोइवोला
१४ मार्च

रीटा,

खुशाली आज विचारत नाही. आधी लिहायचं ते लिहून टाकते, नाहीतर पुन्हा हवापाण्यावर जाईन.

आई माझ्या समोर बसली आहे, टेबलाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. आत्ताच तिनं विचारलं, "काय लिहितेस एवढं?" मी म्हटलं, "वाणसामान." ती म्हणाली, "कॉफी लिही." कागद उलटा करायचीही गरज पडली नाही. ईमेलचं खातं आमचं एकच, ते ती यंत्राकडून मोठ्यानं वाचून घेते. फोनवर बोलले तर पातळ भिंतीपलीकडून सगळं ऐकते, कान अजून मांजराचे आहेत. या घरात तिच्यापासून काही लपवायचं असेल तर ते तिच्या डोळ्यांसमोर लिहायचं. म्हणून पत्र.

तिचे डोळे चाललेत, रीटा. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो, तो आजार. मार्क्वेटला आम्ही हाडांच्या डॉक्टरकडे जातो असं तुला सांगत होतो, ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात होतो. डोळ्यात सुया दिल्या, तिनं एकदाही हूं केलं नाही, परत येताना पेस्टी खाल्ली. आता डॉक्टर म्हणतात, सुयांनी व्हायचं ते झालं. कडेकडेचं दिसत राहील, ती घरात फिरेल, चुलीत लाकूड घालेल. पण मधलं जातंय. अक्षरं गेलीच आहेत. आता चेहऱ्यांची पाळी. मी विचारलं, "उन्हाळ्यापर्यंत?" ते म्हणाले, "सांगता येत नाही, पण वाट बघू नका."

मला पहिल्यांदा संशय आला तो हातमागावर. चिंध्यांची सतरंजी विणत होती, निळ्या पट्ट्यात हिरव्या चिंध्या घुसल्या होत्या. आईच्या मागावर, विचार कर. मी बोलले नाही, तिनंही विचारलं नाही. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, घराला आग लागली तरी आधी कॉफी संपवायची.

तिनं माझ्याकडून शब्द घेतला, रीटाला कळता कामा नये. "ती लांब आहे, उगाच जिवाला लावून घेईल." तुझ्या जिवाची एवढी चिंता. माझा जीव काय, तो इथेच आहे, सरपणाच्या ढिगावर ठेवलाय, लागेल तेव्हा घ्या! मला ती बातमी जपून, हळूहळू, कुणी सांगितली नाही. मला डॉक्टरांच्या खोलीत उभ्याउभ्या ऐकावी लागली, हातात तिचा कोट घेऊन.

आता त्या फ्रिजचं. हे लिहायला मला महिना लागला, कारण तू चुकीचं समजून बसलीस याचा मला आनंद होत होता. तुझा तो मेसेज मी दोनतीनदा वाचला, चवीनं.

तिच्या नजरेच्या मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे ती सरळ बघते ते पुसलं जातं. म्हणून ज्याला बघायचं असेल त्याच्या बाजूला बघावं लागतं, मग तो नजरेच्या कडेला जेमतेम सापडतो. तुला बघायला ती फ्रिजकडे बघते. तू दिसलीस की ती मान वळवते, हनुवटी थोडी वर करते आणि अर्धा तास तशीच राहते, मान आखडेपर्यंत. नंतर मी तिला तेल चोळून देते. मोठा स्क्रीन, उजेड, मॅट काच, ही सगळी धडपड वाचण्यासाठी नव्हतीच. तिला बायबल यंत्र वाचून दाखवतं, बातम्या रेडिओ सांगतो. तो स्क्रीन फक्त तुझ्या चेहऱ्यासाठी आहे. उरलेली नजर ती तुझ्यावर खर्च करते आहे, रीटा, आणि किती उरली आहे हे तिला ठाऊक आहे.

जानेवारीच्या शेवटी तुझा कॉल बंद झाल्यावर तिनं विचारलं, "रीटानं केस कापले का गं?"

"हो, थोडे."

"मला वाटलंच!" अशी खुलली, जणू मोठी लॉटरी लागली.

त्याच आठवड्यात मी माझी वेणी कापली होती. चाळीस वर्षांची वेणी, कानापर्यंत. दिवसातून तीन वेळा तिच्यासमोर जेवायला बसत होते. तिला कळलंच नाही. कळलं ते कितीतरी दिवसांनी, सॉनाच्या वाफेत, माझी पाठ घासताना तिचा हात मानेवर गेला तेव्हा. "अगं, वेणी कुठे गेली?" लोक म्हणतील, बघ, हातानं ओळखते तुला. मला हात नको होता. मला नजर हवी होती.

कारण माझ्याशी बोलताना ती सरळ माझ्याकडे बघते. अगदी डोळ्यात डोळे घालून. चर्चमध्ये बायका म्हणतात, "हिल्जा किती प्रेमानं बघते एल्माकडे." मी मान डोलावते. त्यांना काय सांगू, की ती सरळ बघते म्हणजे मला बघत नाही?

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. तुझा कॉल संपला होता, ती मान चोळत होती. मी म्हटलं, "आई, रीटाला बघायला मान मोडून घेतेस. माझ्याकडे एकदा तरी तसं बघ ना."

ती खरंच गोंधळली. म्हणाली, "तुझ्याकडे काय बघायचं? तू तर आहेसच."

मी उठून बर्फ उपसायला गेले. उपसायला बर्फ नव्हतं, सकाळीच काढलं होतं. पुन्हा ढकलून आणलं आणि पुन्हा उपसलं. तिनं प्रेमानंच म्हटलं असेल. मलाही कळतं ते, मी काही दगड नाही. पण साठीला आलेल्या बाईला "तू आहेसच" यावर किती दिवस जगायचं? चूल आहेच, माग आहेच, हाइकिनेनांचं गोदामही आहेच.

आणि मग मी असा विचार केला, की तू जुलैतच येऊ दे. तोवर चेहरे गेलेले असतील. तू दारात उभी राहशील, ती तुझ्याकडे सरळ बघेल, जशी माझ्याकडे बघते. तूही एक आवाज, एक हात. मग आपण दोघी बरोबरीच्या. हा विचार मी एकदा केला नाही. गेले कित्येक दिवस मी तो घेऊन बस चालवते आहे, मागे पोरं दंगा करत असतात आणि पुढे मी हा विचार करत असते. तुझ्या विमानाच्या तारखा तिनं दोनदा विचारल्या. दोन्ही वेळा मी म्हटलं, जुलै छान आहे, तेव्हा बर्फ नसतं.

काल सकाळी ती लॅपटॉपसमोर बसलेली दिसली. रविवार नव्हता. स्क्रीन बंद, काळा. ती मान वळवून, हनुवटी वर करून सराव करत होती, कुठे बघितलं की मधला डाग स्क्रीनवरून बाजूला सरकतो त्याचा. मला पाहून, म्हणजे ऐकून, म्हणाली, "रीटाला वाटतं मी लक्ष देत नाही. तिनं तुला काही विचारलं का?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "बरं झालं."

रात्रभर त्या "बरं झालं"नं मला झोप लागू दिली नाही. म्हणून शब्द मोडतेय. जुलैची तिकिटं बदल. आत्ता ये, याच महिन्यात. मार्क्वेटला उतर, मी आणायला येते, रस्ते मोकळे आहेत. तिला सांग, ऑफिसनं सुट्टी घ्यायला लावली. खोटं बोलायला तू नेहमीच माझ्यापेक्षा हुशार होतीस.

आलीस की तिच्या समोर बसू नकोस. टेबलाच्या कडेला बस, तिच्या उजव्या हाताला, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे उजेड तुझ्या चेहऱ्यावर येईल. फिकट कपडे घालू नकोस, गडद घाल, चेहरा उठून दिसतो. हलू नकोस फार. आणि ती तोंड फिरवून फ्रिजकडे बघायला लागली की बोलणं थांबवू नकोस, रडू नकोस, रडलीस तर चेहरा बदलतो. तेव्हाच ती तुला बघत असेल. मनसोक्त बघू दे.

तेवढ्या वेळात मी सॉना तापवायला जाईन. तो आधीच तापलेला असेल तरी जाईन. मला ते बघवणार नाही.

मनाविरुद्ध तुझी वाट बघणारी,
एल्मा